गाडीची खांदमळण

माझ्या गाडीबद्दल आमच्या घरात एकच शर्त होती, आणि ती सासऱ्यांनी, मामाजींनी, घातलेली होती. लग्न ठरलं त्या दिवशी, चहाचे कप अजून हातातच होते, तेव्हा ते म्हणाले, "पोरगी गाडी चालवते, चालवू द्या. आमची ना नाई. पण कोणत्याही सूरतीत गाडी पडली, एकदा जरी पडली, तं ती विकायची. मंजूर?" मामाजींची सगळी नोकरी तहसिलीत गेली. दस्तऐवज, दाखला, सूरत, मंजूर हे शब्द त्यांच्या तोंडात कायमचे राहून गेलेत. मी म्हटलं, "मंजूर." इतक्या जोरात म्हटलं की माझ्या बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा वाटलं, पडते कशाला? तीन वर्षं चालवत होते, कधी पाय घसरला नव्हता. निळी स्पोर्ट बाइक, पुढं वाकून बसायची, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं कवच असलेली. पहिल्या पगारापासून मनात धरून ठेवली होती आणि शेवटी घेतली. मावल्यात आमच्या गल्लीत ती वळली की लोक आधी गाडी पाहतात, मग हेल्मेटमधून बाहेर आलेली वेणी पाहतात, आणि मग एकमेकांकडे पाहतात. पाहू दे मेले.

मी शेतकी खात्यात आहे. मंडल जैनथ, घर मावला, मधला रस्ता अर्ध्या तासाचा. तुम्हाला खरं सांगू, त्या अर्ध्या तासासाठीच मी सगळं सहन करत होते. घरात बाथरूमची कडी लावली तरी बाहेरून आवाज येतो, गीझर बंद केला का म्हणून. ऑफिसात खुर्चीवर बसायच्या आत कोणीतरी कापसाचं पान घेऊन उभं. घरची माणसं वाईट नाहीत. कोणी मारत नाही, कोणी बोल लावत नाही. पण भाजी चिरताना, फोनवर बोलताना, अगदी देवापुढं डोळे मिटले तरी कोणीतरी विचारतंच, काय करून राह्यली? हेल्मेट घातलं की विचारणारं कोणी नसायचं. जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. दिवसाचा एक तास माझा होता, आणि तो त्या गाडीवर होता.

आणि ती गाडी पडली.

चालवताना नाही पडली, हे आधीच सांगते. उभी असताना पडली. पावसाळ्यात काळ्या मातीत साइड स्टँड लावायचा तर खाली चपटा दगड ठेवावा लागतो, नाहीतर स्टँड मातीत रुतत जातो. हे शेंबड्या पोराला कळतं आणि मी तर शेतीच्या खात्यातली. पण त्या दिवशी शेतकरी बांधावरून हाका मारत होता, मी तशीच उतरले आणि अळीचा फोटो काढायला चार पावलं गेले. वळून पाहते तर गाडी हळूहळू वाकत होती. धावले, हँडल धरलं. दीडशे किलोचं धूड, ते कशाला ऐकतं! ती माझ्यावर आली, मी मातीवर, आणि डावा पाय खाली अडकला.

निंदणाऱ्या दोन बाया धावत आल्या. एक म्हणाली, "व माय! मेली का काय?" मी म्हटलं, "मेली नाई, पयले गाडी उचला." त्यांनी उचलली. माझ्या पोटरीवर वीतभर निळं झालं होतं, पण ते मी संध्याकाळी पाहिलं. तिथं उभी राहून मी फक्त गाडी पाहत होते. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दगडानं डाव्या बाजूचं प्लास्टिक चांगलं चार बोटं खरवडलं होतं. आतलं पांढरं दिसत होतं. कोणत्याही सूरतीत, हे शब्द कानात वाजले. त्या बायांना हात जोडून सांगितलं, कोणाला सांगू नका. त्यांना वाटलं मी लाजते आहे.

घरी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो बँकेत आहे, स्वभावानं गरीब, पण त्याच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. मी इचोड्याला माहेरी गेले तेव्हा तिथल्या रेडियमच्या दुकानातून काळी पट्टी कापून घेतली आणि त्या खरवडीवर चिकटवली. एकाच बाजूला लावली तर संशय येईल म्हणून उजव्या बाजूलाही लावली. मामाजी म्हणाले, "चांगली दिसते व. जरा रुबाब आला." मी मान डोलावली आणि आत जाऊन घटाघटा पाणी प्यायले.

पण पट्टी लावून जीव शांत होतो का? गाडी पुन्हा पडली तर? पुढची खरवड पट्टीखाली मावणार नाही. मग रोज स्टँड लावताना मी खालचा दगड दोनदा पायानं दाबून पाहायला लागले. शेतात उतरले तरी डोळा गाडीकडं. शेतकरी बोलायचा आणि मी मान वळवून तिच्याकडं पाहायची. तेव्हा मला फ्रेम स्लायडरची आठवण झाली. मुठीएवढे दोन टणक काळे गोळे असतात. इंजिन फ्रेमला ज्या बोल्टनं धरलेलं असतं त्याच बोल्टवर ते बसवायचे, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. गाडी आडवी झाली की आधी ते जमिनीला टेकतात, प्लास्टिक वरच्यावर राहतं. मागवले. घरच्या पत्त्यावर नाही, ऑफिसच्या. अटेंडर तेलुगूत "मॅडम, पार्सल वच्चिंदी", म्हणजे आलं, असं म्हणत खोका ठेवून गेला, तो मी दुपारपर्यंत पदराखाली लपवल्यासारखा टेबलाखाली पायाशी धरून बसले.

बसवायचे कुठं? गावातल्या मिस्त्रीकडं नेलं तर तो पट्टी पाहणार, विचारणार, आणि त्याचं मामाजींशी रोजचं बोलणं. इचोड्याला बाबांकडं नेली असती, पण त्या महिन्यात एकदा माहेरी जाऊन आलेली, पुन्हा कारण काय सांगू? माझे बाबा पंपसेट दुरुस्त करतात. मी त्यांच्या दुकानात पाने देत देत वाढले. नटबोल्टची भीती मला नाहीच. मी ठरवलं, घरीच बसवते, घरचे बाहेर असतील तेव्हा. असा दिवस आमच्या घरात दोन वर्षांत एकदा आला होता. दुसऱ्यांदा आला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी.

सासूबाई मातीचे बैल आणि पळसाची पानं आणायला आदिलाबादच्या बाजारात जाणार होत्या. मामाजी सकाळीच मारुतीच्या देवळात जाऊन बसतात ते जेवायलाच येतात. नवरा बँकेत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सांगितलं डोकं दुखते. सासूबाईंनी जाताना कपाळावर बाम चोळून दिला. इतका चोळला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला स्वतःची लाजही वाटली.

घराच्या बाजूला, भिंत आणि कंपाउंड यांच्या मध्ये, तीन हात रुंदीचा बोळ आहे. गाडी तिथं घेतली. स्टँडवर तिरकी ठेवून चालत नाही, इंजिन एका बाजूला ओढतं, म्हणून तिला सरळ उभी केली आणि कोठीतला जुना कासरा काढून खिडकीच्या गजाला बांधली. इंजिनखाली फळी, फळीखाली जॅक. फोन सीटवर ठेवला, बाबा स्पीकरवर.

"घाई करू नको," बाबा म्हणाले. "नवा बोल्ट घुसवत घुसवत जुना बाहेर काढायचा. एकानं दुसऱ्याले ढकलायचं. भोक मोकळं ठेवायचं नाई. समजलं का, माय?"

"समजलं."

काय कपाळ समजलं! प्लास्टिक खोललं, सॉकेट लावला, नट सुटला, बोल्ट हातोडीनं हळू ठोकला आणि तो सर्रकन अर्धा बाहेर आला. इतका गुळगुळीत निघाला की मला गंमत वाटली. धरला आणि ओढला. पुरा हातात आला. चकचकीत, वीतभर लांब. मी तो कौतुकानं पुसत होते तेवढ्यात आतून 'टक्' असा आवाज झाला. इंजिन केसभर खाली बसलं होतं.

"बाबा, काढला."

"नवा घुसला?"

"नाई. आता घुसवते."

मग बाबा म्हणाले, "पुरा बाहेर काढला तू?"

नवा बोल्ट फ्रेमच्या भोकातून आत गेला आणि इंजिनच्या भोकाच्या काठावर अडला. भोकं जुळतच नव्हती. वर ढकललं, खाली दाबलं, फिरवलं, शिव्याही दिल्या. बाबा म्हणाले, जॅक चढव जरासा, दोन सूत. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जॅकचा दांडा पलीकडच्या अंगाला आहे. मी कंपाउंडची भिंत आणि गाडी यांच्या मध्ये. गाडीवरून हात पुरत नव्हता. खालून घालायला जावं तर बोल्ट सोडावा लागत होता, आणि बाबा ओरडत होते, "सोडू नको! आता तो अर्धा बोल्टच धरून हाय. गाडी हलली तं आणखी बसन." पुढून जायला चाक आडवं, मागं पाण्याची टाकी. पाठ भिंतीला, गुडघा इंजिनला, उजवा हात बोल्टवर. मी माझ्या हातानं स्वतःला तिथं कोंडून घेतलं होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरून माझ्या मानेवर आलं. घाम डोळ्यांत, त्यात तो बाम. हात बधिर झाला तसा मी डावा हात लावला आणि उजवा झटकला. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला. काय म्हणून मी हे चोरासारखं करून राह्यली? गाडी माझी, पगार माझा, पोटरी माझी. आणि मी बोळात उकिडवी बसून कोणी येईल म्हणून कान टवकारते! बाबांना म्हटलं, "मी सांगूनच टाकते. पडली म्हणून सांगते. विकायची तं विका."

"अन् मंग?" बाबा म्हणाले. "मंग तू बसनं जाशील?"

मी बोल्टवरचा हात बदलला.

"आयक," ते पुढं बोलायला लागले, "पडली तवा डाव्या अंगाले मार लागला असन, तं फ्रेमचा कान वाकला का ते पाय—" आणि नेमकं तेव्हाच फाटकापाशी ऑटो थांबला. सासूबाईंचा आवाज. फोन सीटवर, माझा एक हात बोल्टवर, दुसरा बधिर झालेला, आणि बाबा आपले तार स्वरात पडलेल्या गाडीची कथा सांगताहेत! मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाबा, आत्याबाई आल्या!"

बाबा आवाज बदलून म्हणाले, "नमस्कार, नमस्कार विहीणबाई! पोळ्याची तयारी झाली का?"

सासूबाई ऑटोवाल्याशी हुज्जत घालत होत्या, त्यांनी काही ऐकलं नव्हतं. त्या बोळाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. एका काखेत मातीच्या बैलांची टोपली, दुसऱ्या हातात पळसाच्या डहाळ्या. मला पाहिलं, गाडी पाहिली, गजाला बांधलेला कासरा पाहिला.

"तुयं तं डोकं दुखत होतं नं?"

"थांबलं," मी म्हटलं. "सर्व्हिसिंग करून राह्यली. आत्याबाई, तेवढा तो दांडा दाबता का? लाल दिसते तो."

"मी काय मिस्त्रीण हाय काय?"

"एकडाव दाबा हो. मी सोडलं तं इंजिन खाली येते."

"अग बाई!" म्हणत त्यांनी टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि गाडीच्या पलीकडून खाली बसल्या. गुडघ्याचा त्यांना त्रास, तरी बसल्या. दांडा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. फोनमधून बाबा म्हणत होते, "हळूच, विहीणबाई, हळूच, लेकरू झोपलं हाय असं समजा." तिसऱ्यांदा दाबला आणि माझ्या हाताखाली बोल्ट सरकला. गेला. आरपार गेला. मी भिंतीला डोकं टेकून हसत होते की रडत होते, मलाच कळेना. सासूबाई म्हणाल्या, "पायलं? माया हाताले यश हाय." दिवसभर त्या हेच सांगत होत्या. शेजारणीला, नवऱ्याला, देवालासुद्धा.

मी गोळे बसवले, नट कसले, प्लास्टिक लावलं. दोन्ही अंगांना ते काळे गोळे बाहेर आले. सासूबाईंनी विचारलं, "हे शिंगं कायले?" मी म्हटलं, "शोभेचे." अंगणात येऊन गाडी चालू केली. इंजिनचा आवाज नेहमीसारखा होता. मी सुटले, असं मला खरंच वाटलं. आता पडली तरी पडल्यासारखी दिसणार नाही, आणि दिसली नाही तर पडलीच नाही.

आता खांदमळणीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. लोणी आणि हळद गरम करायची, पळसाच्या पानानं जू बसतं त्या जागी लावायची, अंगठ्यांनी दाबून जिरवायची. वर्षभर ओझं ओढलेलं असतं, तिथलं कातडं सोललेलं असतं. मग बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. मामाजींचं गाव पैनगंगेच्या काठाला. शेत आता दुसऱ्याकडं बटईनं आहे, बैल जाऊन पाच वर्षं झाली. पण लोण्याची वाटी घेतल्याशिवाय त्यांना ती संध्याकाळ सुचत नाही. मातीच्या बैलांना ते बोटानं ठिपका लावतात, आणि मग घरात जे ओढतं त्याला लावतात. घरात ओढणारं आता काय राहिलं? नवऱ्याची मोपेड आणि माझी गाडी.

मागच्या वर्षी त्यांनी माझ्या गाडीच्या टाकीवर हळदीची पाच बोटं उठवली होती. मला तेव्हा फार गोड वाटलं होतं. माझ्या गाडीला कोणीतरी घरचं मानलं होतं.

या वर्षी ते धोतर सावरत बाहेर आले, हातात कढत वाटी. मोपेडच्या हँडलला लावलं. मग माझ्या गाडीकडं वळले आणि पुढच्या चाकाच्या चकतीकडं हात नेला. मी धावले. "मामाजी, तिथं नका! ब्रेक लागनार नाई!"

"बरं बरं. खांद्यालेच लावतो. पण इले खांदा कोठी?" ते गाडीभोवती फिरले आणि त्यांना ते गोळे दिसले. चेहरा असा फुलला की काय सांगू. "हे पाय! यंदा खांदे फुटले इले!"

गोळे बसवले नसते तर त्यांनी यंदाही टाकीवर बोटं उठवली असती आणि वाटी घेऊन आत गेले असते. मी स्वतःच त्यांना जागा दाखवली होती.

डाव्या बाजूला ते मांडी घालून बसले. पळसाच्या पानानं लोणी लावलं, मग पान टाकून दिलं आणि दोन्ही अंगठ्यांनी मळायला लागले. गोळ्यावर, गोळ्याच्या बाजूला, वर, खाली. बैलाचा खांदा मळतात तसाच हात, रुंद आणि सावकाश. गरम लोणी ओघळून माझ्या काळ्या पट्टीखाली शिरलं. पट्टीचं एक टोक वर आलं. त्यांचा अंगठा तिथं गेला आणि थांबला. मामाजींनी बाजारात डोळे मिटून, नुसत्या हातानं बैल पारखलेत. पट्टी त्यांनी ओढलीही नाही. ती आपोआप त्यांच्या अंगठ्याला चिकटून निघून आली. बोट त्या खरवडीवरून एकदा गेलं, परत आलं.

"कवा?" त्यांनी माझ्याकडं न पाहता विचारलं.

"मागच्या महिन्यात," मी म्हटलं. "उभी होती, मामाजी. चालू नव्हती. स्टँड रुतला."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "काय झालं?"

"काई नाई. खांदा सोलला इचा."

आणि त्यांनी त्या खरवडीत हळद भरली. इतक्या जपून, की दुखेल असं वाटावं. मग उठले, हात जोडले आणि गाडीला उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. माझा जीव टांगणीला. आता म्हणतील, मग म्हणतील. ते काहीच म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोळा झाला, गाडीला झेंडूचा हार घातला, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, त्यांनी सासूबाईंना सांगून मला दोन पोळ्या जास्त वाढायला लावल्या. मी मनात म्हटलं, माफ केलं. किती मोठा माणूस! मी आत जाऊन नवऱ्याला सगळं सांगून टाकलं आणि वर म्हटलं, पाहा, तुझे बाबा किती समजदार.

तिसऱ्या दिवशी हेल्मेट घेऊन बाहेर आले तर खिळ्यावर चावी नव्हती.

मामाजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. "खांदा सोललेल्या बैलाले जू लावत नसतात, पोरी," ते म्हणाले. "आराम करू दे तिले. जखम भरली की ने."

मला आधी थट्टाच वाटली. हसले मी. ते हसले नाहीत. "शर्तीनं तं विकायची होती," ते हळूच म्हणाले. "मी विकून राह्यलो का? नाई नं? आपल्या घरचं जनावर हाय ते."

काय बोलणार? बोला तुम्हीच. भांडले असते तर शर्त निघाली असती, आणि शर्त निघाली की गाडी विकली गेली असती. मंजूर मीच म्हटलं होतं. नवऱ्याला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, "अगं, बाबा किती प्रेमानं करून राह्यले, पाहत नाई का?" त्यानं बँकेत सांगितलं, तिथं सगळ्यांना ते फार आवडलं. शेजारीण मुद्दाम पाहायला आली. सासूबाई तिला सांगत होत्या, आमच्या यांचं मनच असं, मुक्या वस्तूलासुद्धा जीव लावतात. मी चहा देत होते.

तेव्हापासून मी बसनं जाते. शेजारी कोणीतरी ओळखीचं असतंच, आणि विचारतंच, काऊन व, गाडी कोठी गेली? मी सांगते, घरी आहे. तेवढंच खरं. रोज सकाळी मी डबा भरते तेव्हा मामाजी बोळात जातात, गाडीवरचं कापड काढतात, त्या खरवडीवर बोट फिरवतात, हळदीची चिमूट दाबतात आणि मला ऐकू येईल असं म्हणतात, "अजून नाई भरली." आवाजात इतकी माया असते की मला ओरडताही येत नाही. गाडीची धूळ मात्र तेच पुसतात. टायरमध्ये हवासुद्धा भरून आणतात, पंप घेऊन, स्वतःच्या हातानं.

दसरा गेला, दिवाळी आली. एका सकाळी माझ्याच्यानं राहवलं नाही. डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि बोळात गेले. ते उकिडवे बसले होते, बोट हळदीनं पिवळं. माझा आवाज चढला, चढू दिला. "मामाजी, हे प्लास्टिक हाय! हे कातडं नाई. वर्षभर हळद लावली, दहा वर्षं लावली तरी हे भरून येत नाई. कधीच येत नाई!"

त्यांनी हळदीच्या डबीचं झाकण लावलं. खांद्यावरच्या पंच्याला बोटं पुसली, एकेक करून. मग माझ्याकडं पाहिलं, अगदी पोटच्या पोरीकडं पाहावं तसं.

"मले ठाव हाय, पोरी," ते म्हणाले. "जाय आता, तुई बस निघून जाईन."